स्वतःवरचा शिक्का पुसताना: आत्मस्वीकाराचा सहा आठवड्यांचा सराव

‘काल बैठकीत मी सांगितलेले आकडे चुकीचे निघाले.’

‘मी बिनडोक आहे.’

एकाच घटनेनंतर, मिनिटभराच्या आत ही दोन्ही वाक्यं एकाच डोक्यात येतात. पहिलं तपासता येतं. कुठले आकडे, किती फरक पडला, दुरुस्ती झाली की नाही, सगळं पाहता येतं. दुसरं तपासायची सोयच नाही. तो निकाल आहे आणि तो एका चुकीवरून अख्ख्या माणसावर दिलेला आहे. आत्मस्वीकार शिकायचा म्हणजे दुसऱ्या वाक्याची सवय सोडून पहिल्यापाशी थांबायला शिकायचं. स्वतःबद्दल गोड बोलायची इथे अट नाही, पण नेमकं बोलावं लागतं, आणि ते गोड बोलण्याहून अवघड असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली. तिच्या गाभ्याशी हाच मुद्दा आहे: कृतीला चांगलं-वाईट जरूर म्हणा, कृती करणाऱ्या संपूर्ण माणसाला एकच गुण देऊ नका. माणूस आयुष्यभरात लाखो गोष्टी करतो, त्या सगळ्यांची सरासरी काढणारं कुठलंच माप नाही. म्हणूनच ‘आत्मसन्मान वाढवा’ या सल्ल्यापेक्षा आत्मस्वीकार जास्त टिकतो. यशावर उभा असलेला आत्मसन्मान अपयश आलं की खाली येतो. स्वीकाराला यशाचा आधार लागत नाही.

इथे बहुतेकांच्या मनात एक शंका येते. स्वतःला असं सांभाळून घेतलं तर मी ढिला पडेन, प्रगती थांबेल. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांचं २०१२ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन नेमकं याच शंकेवर होतं. विद्यार्थ्यांना अवघड शब्दसंग्रहाची परीक्षा दिली. परीक्षा अवघड गेल्यावर स्वतःशी समजुतीने वागायला ज्यांना सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. कारण समजायला सोपं आहे. चुकीकडे पाहिल्यावर दर वेळी फटके बसत असतील, तर माणूस चुकीकडे पाहणंच टाळतो. आणि न पाहता काही सुधारत नाही.

तयारी

एक साधी वही आणि पेन घ्या. फोनवर लिहू नका, मध्येच एखादा मेसेज येतो आणि धागा तुटतो. रोज पंधरा मिनिटं, शक्यतो ठरलेल्या वेळी, झोपण्याच्या निदान तासभर आधी. अंथरुणात बसून हा सराव केला तर डोकं चालू होतं आणि झोप उडते. वही दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही अशी जागा आधी ठरवा, नाहीतर पहिल्या दिवसापासूनच आपण कुणीतरी वाचणार असल्यासारखं सजवून लिहायला लागतो.

एकवीस दिवसांत सवय लागते हे विसरा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. सहा आठवड्यांत पद्धत हाताला बसते, ती आपोआप होऊ लागायला आणखी वेळ जातो.

पहिला आठवडा: फक्त टिपण

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. दिवसातून जास्तीत जास्त तीन नोंदी करायच्या. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: वेळ, काय घडलं, मनात उमटलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्या क्षणी शरीरात काय झालं. उदाहरणार्थ: ‘सकाळी ११.४०. साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही. “झालं, पुन्हा माती खाल्ली.” घसा आवळला.’

बहुतेक जण चुकतात ते तिसऱ्या गोष्टीत. ‘स्वतःवर रागावलो’ असा गोषवारा लिहितात. गोषवाऱ्यावर काम करता येत नाही. मनात शिवी आली असेल तर शिवी लिहा, एकेरीत आलं असेल तर एकेरीत, लहानपणी कुणी चिडवायचं ते नाव आलं असेल तर तेच. काही वाक्यं मराठीत येत नाहीत, दुसऱ्याच भाषेत येतात. तीही तशीच उतरवा.

सातव्या दिवशी सगळ्या नोंदी सलग वाचा आणि सारख्या वाक्यांखाली रेघ मारा. घटना वीस असल्या तरी वाक्यं बहुधा तीन-चारच निघतात. ‘मला काहीच जमत नाही’, ‘मी कुणालाच नकोय’, ‘मी सगळ्यांना त्रास देतो’, अशी काहीतरी. पुढचे पाच आठवडे काम याच तीन-चार वाक्यांवर करायचं आहे.

दुसरा आठवडा: आधी शरीर, मग शब्द

छाती धडधडत असताना विचार तपासता येत नाहीत, म्हणून क्रम महत्त्वाचा. पाय जमिनीवर टेकवून बसा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटांत तीस. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. घ्यायचा श्वास मात्र नेहमीइतकाच ठेवा. खूप खोल आणि भराभर श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट अस्वस्थ वाटतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळव्यांना जमीन कशी लागते आहे याकडे लक्ष द्यावं. तेवढंही पुरतं.

त्यानंतर भावनेला नाव द्यायचं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या मेंदूप्रतिमांच्या प्रयोगात, चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर दिसणाऱ्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी झालेली दिसली. धोक्याला चटकन प्रतिसाद देण्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

अडचण अशी की आपण ‘कसंतरी होतंय’ आणि ‘टेन्शन आलंय’ या दोनांवरच भागवतो. मराठीत याहून किती नेमके शब्द आहेत ते पाहा, आणि ते वापरा, कारण प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवतो.

रुखरुख म्हणजे करायचं राहून गेलेलं टोचत राहणं. ती असेल तर बहुतेक वेळा अजून काहीतरी करता येतं: फोन, पत्र, माफी. हळहळ वेगळी. तिथे गोष्ट हातातून गेलेली असते, करण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि तिला फक्त वेळ द्यावा लागतो. धास्ती एखाद्या ठरावीक गोष्टीची असते, म्हणून ती कशाची आणि कुठल्या तारखेची हे कागदावर लिहिता येतं. हुरहूर तशी लिहिता येत नाही, तिला अजून चेहरा आलेला नसतो. चडफड होते तेव्हा राग असतो, पण ज्याच्यावर आहे त्याला बोलता येत नाही. हिरमुसतो तेव्हा आधी मनात एक अपेक्षा असते, आणि बऱ्याचदा ती आपण कुणाला सांगितलेलीच नसते. ओशाळतो तेव्हा लपावंसं वाटतं. या एका भावनेत लपणं अपायकारक ठरतं, कारण लपलं की ती वाढते. तगमगीत काहीतरी घडावं असं तीव्रतेने वाटतं, पण घडवणं आपल्या हातात नसतं.

नोंदीच्या बाजूला रोज असा एक शब्द लिहा. दोन भावना एकदम असतील तर दोन. बऱ्याचदा खाली हिरमुसणं असतं आणि वर राग, आणि त्याच्याही वर ‘एवढ्याशा गोष्टीचा राग येतोच कसा’ म्हणून स्वतःवरचा राग. हा सगळ्यात वरचा थर काढला तरी निम्मं ओझं उतरतं.

भावना दाबून टाकण्याचा मार्ग मोहात पाडतो, पण तो चालत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर आधी न दाबणाऱ्यांपेक्षा जास्त आलं.

तिसरा आणि चौथा आठवडा: निकालाचं वाक्य उलगडणं

हा सरावाचा कणा आहे, म्हणून त्याला दोन आठवडे दिले आहेत. पानावर चार रकाने आखा: घटना, निकाल, नेमकं वाक्य, पुढची कृती. आता एक पूर्ण नोंद जवळून पाहू.

घटना: मैत्रिणीचा मेसेज आला, ‘विसरलीस ना मला?’ निकाल: ‘मी स्वार्थी आहे. मला नाती टिकवताच येत नाहीत.’

निकालात ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘असाच’, ‘अशीच’ यांपैकी काही शब्द आहेत का ते आधी पाहा. शब्द दिसत नसला तरी अर्थ असतो, इथे ‘टिकवताच’मधल्या ‘च’मध्ये तो बसला आहे. मग विचारा: कॅमेरा लावला असता तर काय टिपलं गेलं असतं? स्वार्थीपणा कॅमेऱ्यात दिसत नाही. दिसलं असतं ते असं: ‘तीन महिन्यांत तिचे दोन फोन आले. मी एकही उलट केला नाही. तिच्या आईचं ऑपरेशन आहे हे मला ठाऊक होतं.’

हे वाक्य निकालापेक्षा जास्त लागतं, आणि पुष्कळ जण इथेच वही मिटतात. पण काय घडलं ते लक्षात घ्या. ‘मी स्वार्थीच आहे’ म्हटलं की पुढे काही करायचं उरत नाही, स्वभावाला औषध नाही असं म्हणून सुटता येतं. स्वतःला कोसणं वरवर कठोर दिसतं, पण त्यात एक पळवाट असते. ‘ऑपरेशन ठाऊक होतं’ या वाक्यासमोर उभं राहणं, तिथून न पळणं, हा स्वीकार आहे.

पुढे संदर्भ जोडायचा, कारण तोही सत्याचा भाग आहे. इथे एका अव्ययाकडे लक्ष द्या. ‘मी फोन केला नाही, पण कामाचा डोंगर होता’ असं लिहिलं की पहिलं अर्धं वाक्य खोडलं जातं आणि सबब तयार होते. ‘कामाचा डोंगर होता आणि मी फोन केला नाही’ असं लिहिलं की दोन्ही गोष्टी शेजारी उभ्या राहतात. तिसऱ्या रकान्यात ‘पण’ आला की तो काढून ‘आणि’ घालून पाहा.

चौथ्या रकान्यात चोवीस तासांत होईल अशी एकच कृती. मेसेज असा: ‘तुझे दोन्ही फोन पाहिले होते, मी उलट केला नाही. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी विचारायला हवं होतं, ते माझं चुकलं. आता त्या कशा आहेत?’ यात ‘मी किती वाईट आहे’ हे वाक्य मुद्दाम नाही. ते घातलं की तुमची समजूत काढायचं काम तिच्यावर येतं, आणि तिच्या आईची चौकशी बाजूला राहते.

रोज एकच नोंद अशी उलगडा. पाच-सहा करायला गेलात की घाईत साचेबंद उत्तरं येऊ लागतात.

निकालाच्या जागी ‘मी खूप छान आहे’ असलं वाक्य लिहू नका. जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या प्रयोगात, स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटणाऱ्यांनी ‘मी प्रेमाला पात्र आहे’ अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच विरोधी पुरावे गोळा करायला लागतं.

पाचवा आठवडा: सूर आणि सोबत

शब्द नेमके झाले तरी सूर दरडावणीचाच राहू शकतो. तिसऱ्या रकान्यातलं वाक्य मोठ्याने वाचा. थकलेल्या मित्राला तुम्ही ज्या आवाजात बोलाल त्या आवाजात ते म्हणता येतं का? येत नसेल तर सुरुवातीला स्वतःचं नाव घाला आणि स्वतःशी ‘तू’ म्हणून बोला. ईथन क्रॉस यांच्या अभ्यासांत असं नाव घेऊन स्वतःशी बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी स्वतःपासून थोडं अंतर राखता आलं. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली आत्मकरुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेने वागणं, असं माणसांचं होतंच याची जाणीव, आणि दुःखाला न फुगवता न नाकारता पाहणं. तीन भागांसाठी तीन वाक्यं पुरतात: ‘आत्ता जड जातंय. असं इतरांचंही होतं. आत्ता मला कशाची गरज आहे?’

यावर कुणाला रडू फुटतं, कुणाला राग येतो, कुणाला एकदम कोरडं वाटतं. ज्यांना लहानपणी माया कमी मिळाली त्यांच्यात हे जास्त दिसतं. सराव चुकला असं समजू नका. अर्ध्या मिनिटावर थांबा, हातपाय हलवा, खिडकीबाहेर पाहा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धाच मिनिट करा.

याच आठवड्यात रेघ मारलेल्या वाक्यांपैकी एक, सगळ्यात अवघड नाही, मधलं, एका माणसाला सांगा. माणूस निवडताना दोनच कसोट्या: तो इतरांच्या खासगी गोष्टी तुमच्याजवळ बोलतो का, आणि तुम्ही काही सांगितलं की लगेच स्वतःची कथा सुरू करतो का? दोन्हीला ‘नाही’ असेल तर तो चालेल. आधीच सांगा, ‘मला सल्ला नकोय, दहा मिनिटं फक्त ऐक.’ हे न सांगितल्यामुळे चांगली माणसंही उपाय सुचवायला लागतात, आणि बोलणारा गप्प होतो.

चारचौघांनी आपली चूक टिपली असेल ही भीतीही तपासून पाहण्याजोगी आहे. थॉमस गिलोविच यांच्या २०००च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता.

सहावा आठवडा: जे बदलता येतं, जे येत नाही

टाळलेली एक गोष्ट निवडा आणि तिचा दहा मिनिटांत होणारा तुकडा पाडा. फाइल उघडून पहिलं पान वाचणं, डॉक्टरची वेळ घेणं, न उघडलेलं पाकीट उघडणं. मन तयार होण्याची वाट पाहू नका. खचलेल्या मनाला उमेद बहुधा कृतीनंतर येते. दहा मिनिटं झाली की थांबायची परवानगी आधीच देऊन ठेवा.

काही गोष्टींना कृती लागू पडत नाही. शरीराची ठेवण, जुनाट आजार, गेलेली वर्षं, गेलेलं माणूस. तिथे एक वाक्य वापरा: ‘मला हे आवडत नाही, आणि हे असं आहे.’ दोन्ही अर्धी तितकीच खरी म्हणायची. पहिलं गाळलं तर ती बळजबरी होते, दुसरं गाळलं तर भांडण चालू राहतं. हे एकदा म्हणून होत नाही. आरशासमोर, औषधाच्या वेळी, विशिष्ट तारखेला, जिथे जिथे ती गोष्ट समोर येते तिथे तिथे म्हणावं लागतं.

स्वीकाराच्या नावाखाली अन्याय मात्र सहन करू नका. पहिल्या आठवड्यातलं वाक्य तुमच्या मनातलं नसून घरातलं किंवा कामावरचं कुणीतरी आजही ते तुम्हाला ऐकवत असेल, मारहाण किंवा धमकी असेल, तर वही हा त्यावरचा उपाय नाही. तिथे आधी सुरक्षितता, अंतर आणि मदत.

झोप आणि हालचाल यांबद्दल थोडक्यात: झोप तुटली की मनातले निकाल अधिक कडक होतात. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल इतपत चालणं किंवा तत्सम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस मनालाही उपयोगी पडते. दोन-तीन रात्री जागरण झालं असेल तर त्या दिवशी वाक्यं उलगडायला बसू नका, फक्त श्वास करा आणि झोपा.

मध्येच आठवडाभर सराव सुटेल. मग वहीत ‘मला सातत्यच नाही’ असं वाक्य येईल. ते दुसऱ्या रकान्यात लिहा आणि तिथूनच पुन्हा सुरू करा. अगदी वाईट दिवशी एकच ओळ पुरे: काय घडलं, आणि एक नेमका शब्द.

मदत कधी घ्यायची

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि दिवसातला बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टींतला रस गेला असेल, झोप-भूक बिघडली असेल, कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटा. जुनं काही आठवून शरीर थिजत असेल किंवा भूतकाळ आत्ताच घडतोय असं वाटत असेल, तर वहीचा सराव एकट्याने पुढे नेऊ नका. जगू नये असं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर आठवडे मोजत बसू नका. आत्ता जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि आपल्या भागातली मानसिक आरोग्य हेल्पलाइन किंवा रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.

पहिल्या भेटीत ‘काय त्रास होतो’ या प्रश्नावर बरेच जण ‘काही नाही, थोडं टेन्शन’ म्हणून गप्प होतात. बोलता येत नसेल तर पहिल्या आठवड्याची पानं सोबत न्या आणि रेघ मारलेली वाक्यं तेवढी वाचून दाखवा. वाचवत नसेल तर वही समोर ठेवा.